चकल्यांची परीक्षा आणि पोस्टाचे शेअर

शेअर घ्यायचे की नाही, हे चकल्या किती मोडल्या त्यावरून ठरवायला बसलेल्या बायका साऱ्या इंग्लंडात आम्ही आठच असू. आज कुणाला सांगितलं तर हसतात. हसू देत. त्या दुपारी तिथे जे बोललं गेलं ते कंपनीच्या गुळगुळीत अहवालापेक्षा खरं होतं, आणि त्यातलं बरंचसं मी बोलले, हे आधीच सांगून टाकते. विनय मला कधी फारसा जमलेला नाही.

लेस्टरला आमची भिशी होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी एकीच्या घरी जमायचं, खायचं, चिठ्ठी काढायची आणि संध्याकाळच्या आत आपापल्या घरी परतायचं. दोन हजारचं दशक निम्मं सरलं होतं. आमचे नवरे कॉम्प्युटरवर शेअर घ्यायचे, विकायचे आणि घरात फार मोठं काही चालल्यासारखे वावरायचे. आमच्यातली एक मुंबईहून आलेली, इथल्या विमा कंपनीत नोकरीला. तिला आम्ही फायनान्सवाली म्हणायचो. ती एका रविवारी भेळ खाता खाता म्हणाली, “हे लोक तीन वर्षं लॉस करतायत आणि वर आपल्यालाच लेक्चर देतात. वी कॅन डू बेटर, आय ॲम टेलिंग यू.” झालं. पुढच्या महिन्यापासून भिशीतला अर्धा वाटा शेअरसाठी बाजूला पडायला लागला.

नियम मात्र मी सुचवला. ज्या कंपनीचं काम आपल्यापैकी एकीच्या तरी हाताखालून जातं, त्याच कंपनीबद्दल बोलायचं. पेपरात वाचलेलं आणि नवऱ्याने सांगितलेलं चालणार नाही. यामुळे बैठकीला मजा यायची. सुपरमार्केटमध्ये टिलवर, म्हणजे गल्ल्यावर, बसणारी आमची मैत्रीण सांगायची की कुठल्या कंपनीची बिस्किटं लोक ऑफर नसतानाही उचलतात. फार्मसिस्ट होती, तिला औषधकंपन्यांची खडान्खडा माहिती. सगळ्यात मोठ्या होत्या त्या ताई. हॉस्पिटलच्या किचनमध्ये वीस वर्षं काढलेल्या, नवरा लवकर गेलेला, एकुलती मुलगी एडिनबराला शिकायला. ताई फारसं बोलायच्या नाहीत, पण त्यांनी ज्या कंपनीच्या डब्यातली टोमॅटो प्युरी नावाजली होती तिचे शेअर आम्हाला चांगले लाभले.

आणि माझ्या हाताखालून पत्रं जायची.

मी मिरजेची एम.कॉम. लग्न करून इथे आले तेव्हा नवरा रोज नॉटिंगहॅमला सॉफ्टवेअरच्या नोकरीला जायचा आणि मी एका ऑफिसात कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायचे. दोन वर्षांत माझी पाठ धरली, डोकं उठलं. एके दिवशी पोस्टात माणसं हवी आहेत अशी पाटी पाहिली आणि अर्ज टाकला. पहाटे पाचला डिलिव्हरी ऑफिस. तिथे समोर खणाखणांची मोठी चौकट, प्रत्येक घराला एक खण. पत्रं त्यात लावायची, गठ्ठे बांधायचे, पिशवी भरायची आणि नऊच्या सुमाराला चालायला लागायचं. एकेका पोस्टमनच्या ठरलेल्या रस्त्यांना तिथे वॉक म्हणतात. माझ्या वॉकवर साडेपाचशे दारं होती. कुठल्या दाराची पत्रं टाकायची फट बोट चावते, कुठला कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला भुंकत नाही, हे सगळं मला पाठ होतं. चौतीस नंबरच्या आजोबांची दुधाची बाटली दहापर्यंत बाहेरच दिसली तर बेल वाजवायची, हेही मीच ठरवलं होतं. पहिल्या हिवाळ्यात रडले. दुसऱ्या हिवाळ्यापासून मी त्या ऑफिसातल्या पुरुषांच्या आधी वॉक संपवून परत यायला लागले. इतकी मोकळी मी आयुष्यात कुठल्या कामात नव्हते.

पण भिशीत हे कुणाला ठाऊक नव्हतं. माझा वॉक शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिकडे आपलं कुणी राहत नसे. मी पोस्टात आहे एवढंच त्यांना माहीत होतं. बाकीचं माझ्या सासूबाईंनी पुरवलं.

सासूबाई सप्टेंबरात मिरजेहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या; माझं सासरही मिरजेचंच. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. शिस्त अशी, की घरात चमचा चुकीच्या खणात पडला तरी त्यांना झोपेत कळायचं. मी गणवेश घालून पहाटे निघायचे ते त्या रोज पाहत होत्या. फक्त एवढंच म्हणाल्या, “तो ड्रेस मागच्या खोलीत वाळत घालत जा. पुढे कशाला?” मग दसऱ्याच्या जेवणाला भिशीतल्या सगळ्या जणी घरी आल्या तेव्हा कुणीतरी विचारलं आणि त्यांनी श्रीखंड वाढता वाढता सांगून टाकलं, “पोस्टात ऑफिसर आहे आमची सून. हाताखाली माणसं आहेत.” मी पुऱ्यांचं ताट घेऊन दारात उभी होते. मूग गिळून गप्प बसले. मिरजेला त्यांच्या नातेवाइकांनाही हेच सांगून झालं होतं हे मला नवऱ्याकडून नंतर कळलं. मला संताप आला त्यांचा, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. त्या खोटं बोलल्या, पण मला ते खोडायला एक वाक्य पुरलं असतं.

दिवाळीच्या तोंडावर फायनान्सवालीने नवा विषय काढला. समुद्रापलीकडच्या एका देशाची टपाल कंपनी. तिथल्या सरकारने ती बाजारात आणलेली, आणि आता तिने इंग्लंडातली पत्रं आणि पार्सलंही गोळा करायला सुरुवात केली होती. इथलं पोस्ट अजून सरकारचंच होतं, त्याचे शेअर मिळायचा प्रश्नच नव्हता. फायनान्सवालीचं म्हणणं, आत्ताच शिरायला हवं, आणि एकदम सगळी शिल्लक घालून. मला विचारलं तेव्हा मी, “बघायला हवं,” असं काहीतरी गुळमुळीत बोलले. ऑफिसर काय बोलते ते मला कुठे माहीत होतं?

तेवढ्यात ताई म्हणाल्या, “मला रिपोर्टबिपोर्ट कळत नाही. पण मुलीला एडिनबराला फराळ पाठवायचाच आहे. दोन डबे करू. एक आपल्या नेहमीच्या पोस्टाने, एक या कंपनीकडून. कुणाच्या चकल्या कमी मोडतात बघू.”

सगळ्यांना ही कल्पना इतकी आवडली की फायनान्सवालीचाही नाइलाज झाला. चकल्या माझ्या सासूबाईंनी करायच्या ठरल्या, कारण त्यांच्यासारख्या काटेरी आणि एकसारख्या चकल्या कुणाच्याच होत नसत. त्यांनी एका भाजणीच्या, एकाच दिवशी तळलेल्या पन्नास चकल्या केल्या. मोजून पंचवीस-पंचवीस. एक डबा ताईंनी पोस्टात टाकला, दुसरा फार्मसिस्टने तिच्या दुकानाच्या खात्यावरून त्या कंपनीच्या कुरिअरने पाठवला. मुलीला सांगितलं, डबा उघडल्याबरोबर मोजून फोन कर, आधी तोंडात टाकू नकोस.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी फायनान्सवालीकडे निकाल. सासूबाईही आल्या. चकल्या त्यांच्या होत्या, त्यांना घरी बसवणार कोण? ताईंनी कागदावर लिहून आणलं होतं. पोस्टाच्या डब्यात अकरा मोडलेल्या. त्या कंपनीच्या डब्यात दोन.

“देअर यू गो,” फायनान्सवाली म्हणाली.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या पोस्टाच्या डब्यात अकरा? मी ताईंना विचारलं, “पॅकिंग कसं केलं होतं?”

“डब्यात चकल्या, बाहेरून पेपर, वर ब्राउन पेपर.”

“आणि तू?” मी फार्मसिस्टला विचारलं.

ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, “आमच्याकडे काचेच्या बाटल्यांसाठी बबल रॅप येतो ना, तो. दोन लेअर. आणि मधल्या गॅपमध्ये कॉटन वूल.”

हसून हसून पुरेवाट झाली. सासूबाईसुद्धा हसल्या. पण फायनान्सवाली खरंच हुशार होती, ती हसण्यावारी गेली नाही. तिने अहवाल उघडून मांडीवर घेतला. “ओके, टेस्ट वॉज रबिश. चकल्या विसरा. पण मेन पॉइंट बघा. इथलं लेटर्सचं मार्केट ओपन होतंय. बँका, क्रेडिट कार्डवाले, सगळे या कंपनीकडे चाललेत. दोन वर्षांत यांचे पोस्टमन आपल्या प्रत्येक रस्त्यावर दिसतील. नंतर घेऊन काय फायदा?” तिने पानावरचा फोटो सगळ्यांना दाखवला. कंपनीच्या रंगाचा शर्ट घातलेला एक देखणा पोस्टमन, हातात तीनच पत्रं, आकाश निळंभोर. मी मनात म्हटलं, बाबा, तू कुठल्या गावात वाटतोस रे?

एकेक जण माना डोलवायला लागली. ताई म्हणाल्या, “मी तर म्हणते, माझे वेगळे साठवलेले आहेत मुलीसाठी, तेही यातच घालते. पोस्ट काय, कधी बंद पडणार आहे?”

ताईंनी वीस वर्षं दुसऱ्यांची भांडी उचलून साठवलेलं ते. आणि फायनान्सवालीचं जे वाक्य ऐकून त्या ते घालायला निघाल्या होत्या, ते वाक्य चूक होतं. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. पण कसं माहीत होतं ते सांगितल्याशिवाय माझ्या बोलण्याला काडीचं वजन नव्हतं. नियम तर माझाच होता, हाताखालून गेलेलंच बोलायचं. मी सासूबाईंकडे पाहिलं. पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन ताठ बसल्या होत्या. मी खरं बोलले तर सात बायकांसमोर मुख्याध्यापिकाबाई खोट्या पडणार होत्या, आणि मिरजेला ज्यांना त्यांनी हेच सांगितलं होतं, त्याच लोकांत त्यांना परत जाऊन राहायचं होतं. मी हातातला चहा खाली ठेवला.

“तुझी कालची पोस्ट कुठे आहे?” मी फायनान्सवालीला विचारलं.

“हॉलमध्ये असेल, टेबलवर. का?”

मी उठून गठ्ठा घेऊन आले. पाच पत्रं होती. मला तिसऱ्या पत्रापर्यंतच जावं लागलं. क्रेडिट कार्डाचं पाकीट. वरच्या कोपऱ्यात, जिथे एरवी राणीचं तिकीट किंवा आमच्या पोस्टाचा शिक्का असतो, तिथे त्या कंपनीचं चिन्ह छापलेलं होतं. मी ते तिच्या अहवालावर ठेवलं. “हे तुझ्या दारात कुणी टाकलं?”

“पोस्टमनने.”

“कुठल्या रंगाच्या शर्टातल्या?”

“आपल्या नेहमीच्या. तो टकला आहे ना, चिअरफुल, तो.”

“तो आमचा माणूस आहे,” मी म्हटलं. “ही कंपनी बँकेतून गठ्ठे उचलते, मशीनवर लावते, आणि आमच्याकडे आणून देते. दारापर्यंत आम्हीच नेतो. एका पत्रामागे काही पेन्स मिळतात आम्हाला त्याचे. त्यांचे पोस्टमन माझ्या रस्त्यावर नाहीत. मी रोज बघते.”

“तू रोज कशी बघतेस? यू आर इन मॅनेजमेंट, ना?”

“नाही,” मी म्हटलं. “मी पिशवी घेऊन चालते. सहा वर्षं झाली. मी पोस्टमन आहे.”

मी सासूबाईंकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं. आणि एकदा तोंड उघडल्यावर मला थांबायचंही नव्हतं. मी सांगितलं की कंपनी वाईट नाही, उलट चांगलीच हुशार आहे. सोपं काम स्वतःकडे ठेवलंय आणि अवघड काम आमच्या पायांवर टाकलंय. पण प्रत्येक रस्त्यावर स्वतःची माणसं उभी करायची तर ते गंमत नाही. एक वॉक नीट यायला मला सव्वा वर्ष लागलं होतं. एकाच आडनावाची चार घरं, मागच्या गल्लीतून दार असलेले फ्लॅट, नंबरच नसलेले बंगले. कितीजण पहिल्याच हिवाळ्यात सोडून जातात ते मी पाहिलंय. मग पत्रांचं सांगितलं. मी लागले तेव्हा महिनाअखेरीला बँकांच्या पत्रांनी गठ्ठा बांधता यायचा नाही, आता त्याच पाकिटांवर छापून येतं की कागद बंद करा, कॉम्प्युटरवर बघा. वाढलेत ते छोटे पुठ्ठे. पुस्तकं, भाड्याच्या डीव्हीडी, कुणाकुणाचे बूट. ज्या कंपनीला हे पुठ्ठे स्वस्तात दारापर्यंत नेता येतील ती जिंकेल, आणि लोक दिवसा घरी नसतात म्हणून तीन-तीनदा खेप घालणारी हरेल. त्या कंपनीच्या व्हॅनवाल्याला मी एकाच दारी आठवड्यात चौथ्यांदा पाहिलं होतं. “मी काही त्यांच्यावर जळून बोलत नाही,” मी शेवटी म्हटलं. “जळतेही थोडी. पण सहा महिने थांबू. मग अर्धे घेऊ. आणि ताई, तुमचे वेगळे तुम्ही यात अजिबात घालू नका.”

फायनान्सवालीने अहवाल मिटून ते पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली, “हे रिपोर्टमध्ये फुटनोटमध्ये असेल. मी वाचायला पाहिजे होतं.” मोठ्या मनाची होती ती. मी तिच्या जागी असते तर इतक्या सहज बोलले नसते. “हात वर करा. ज्यांना वाटतं थांबावं, त्यांनी.”

ताईंचा हात आधी गेला. मग टिलवरच्या मैत्रिणीचा, मग फार्मसिस्टचा. बाकीच्या एकमेकींकडे पाहत होत्या. तेवढ्यात माझ्या डाव्या बाजूला, सोफ्याच्या टोकाला, आणखी एक हात वर गेला. शाळेत वर्गाला दाखवण्यासाठी करतात तसा, कोपरात न वाकवता.

“काकू,” फायनान्सवाली हळूच म्हणाली, “तुम्ही मेंबर नाही आहात ना.”

“मला माहीत आहे,” सासूबाई म्हणाल्या. “माझा मोजू नका. पण तो वर राहू दे.” मग घसा खाकरून म्हणाल्या, “दसऱ्याला ही ऑफिसर आहे म्हणून सांगितलं, ते मी माझ्या मनचं सांगितलं होतं. हिने सांगितलेलं नव्हतं. ही पहाटे साडेचारला उठून जाते, मी खिडकीतून बघते रोज. आज हिला माझ्यामुळे बोलायला भीती वाटली. ते बरोबर झालं नाही.”

त्यांचा आवाज जराही हलला नाही. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मला त्या बाईचा त्या क्षणी किती अभिमान वाटला ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवलेल्या बाईने अर्ध्या ओळखीच्या सात जणींसमोर आपली चूक कबूल केली होती, आणि हात अजून खाली आणला नव्हता. फायनान्सवालीने स्वतःचाही हात वर केला. मग सगळ्यांचेच गेले.

पुढे आम्ही सहा महिन्यांनी थोडे शेअर घेतले. ते चढले, उतरले, आणि दशकाच्या शेवटी सगळं जगच कोसळलं तेव्हा तेही कोसळले. आम्ही कुणी श्रीमंत झालो नाही. ताईंच्या मुलीचं शिक्षण मात्र ताईंच्या साठवलेल्यातूनच पुरं झालं.

त्या दिवशी घरी येताना गाडीत सासूबाईंना मी विचारलं, “आई, तुम्हाला राग आलाय का?”

“कशाचा?” त्या म्हणाल्या. मग सिग्नलला गाडी थांबल्यावर, “पिशवी किती किलोची असते गं?”

“सोळापर्यंत भरतो. संपली की रस्त्यात ठेवलेली दुसरी घ्यायची.”

“माझी विमानातली बॅग तेवीस किलोची होती. ती तुझ्या नवऱ्याला एकट्याला उचलवेना.” यावर त्या स्वतःशीच हसल्या.

पुढच्या रविवारी त्यांचा मिरजेला फोन होता. तेव्हा फोनकार्ड खरवडून नंबर दाबत बसावं लागायचं, मी ते लावून दिलं आणि स्वयंपाकघरात पोळ्या करायला गेले. पलीकडे त्यांची धाकटी बहीण. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्या. मग बहिणीने माझ्याबद्दल काहीतरी विचारलं असावं, कारण सासूबाईंचा आवाज एकदम शाळेतला झाला.

“ऑफिसर? छे, ऑफिसर नाही ती. मी तुला चुकीचं सांगितलं होतं. ऑफिसर खुर्चीत बसतो. ही पत्रं वाटते. हो, पायी. हो, थंडीतसुद्धा. बर्फात. हो गं, पोस्टमन.” थोडा वेळ त्या ऐकत राहिल्या. पलीकडून काय आलं ते मला कळलं नाही, पण यांनी ते मध्येच तोडलं. “वाईट काय वाटायचंय त्यात? इथल्या शिकल्यासवरल्या बायका हिला विचारून शेअर घेतात. मी होते तिथे.”

मग त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि मला हाक मारली. “अगं, रोज किती दारं?”

“साडेपाचशे,” मी तव्यावरून मान वळवून म्हटलं.

त्यांनी हात काढला.

“सातशे,” त्या फोनवर म्हणाल्या.